जुन्या मोटारीची घरगुती निगा

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूच्या आणि तिकडे आळंद, कलबुर्गी, सेडमपर्यंतच्या गावांतून हिंडताना एक गोष्ट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. मोठ्या शहरांत ज्या मोटारी केव्हाच भंगारात गेल्या, त्या आमच्याकडे अजून अंगणात, गोठ्याच्या पडवीत वा कडुनिंबाच्या सावलीत उभ्या आहेत. आणि नुसत्या उभ्या नाहीत, चालत आहेत. कोठे वीस-पंचवीस वर्षांची मारुती, कोठे तीन-चार मालक पाहिलेली ॲम्बॅसडर, कोठे हूडाला ठिगळे लावलेली जीप. घरात अशी एखादी गाडी असली म्हणजे ती त्या एका घराची राहत नाही. मध्यरात्री गल्लीत कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला सर्पदंश झाला, कोणा वृद्धाच्या छातीत दुखू लागले, तर पहिली हाक त्या घरी येते. अशा वेळी बिदरच्या किंवा कलबुर्गीच्या इस्पितळापर्यंतचे चाळीस-पन्नास किलोमीटर ती गाडी वाटेत न थांबता काटील की नाही, हा प्रश्न हौसेचा नसतो.

आमचे म्हणणे असे आहे की, आमच्या भागातील जुनी गाडी वयाने मरत नाही. ती धूळ, ऊन आणि वाईट पाणी यांनी मरते, आणि मुख्यतः तिच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून मरते. ज्या घरांत आसाला वंगण घातल्याखेरीज बैलगाडी जुंपली जात नसे, त्याच घरांत आज मोटारीचे बॉनेट महिनोन्महिने उघडले जात नाही. गाडी बंद पडली म्हणजे मग तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आणावयाचा, आणि त्याने सांगितलेली रक्कम मुकाट्याने द्यावयाची. वस्तुतः या दुखण्यांपैकी पुष्कळशी घरच्या माणसाला घरीच टाळता येण्याजोगी आहेत. काही मात्र अशी आहेत की त्यांना घरच्या माणसाने हात लावू नये. कोणती कोठे पडतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

या गाड्यांविषयी दोन शब्द. ॲम्बॅसडर ही मूळची इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून निघू लागली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. फियाटशी तर आमच्या शेजाऱ्यांचे नाते आहे. ती ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होई, ती कंपनी १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात आली व २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन बंद झाले. या तिन्ही गाड्यांचा एक गुण समान आहे. बॉनेट उघडले की यंत्राचे सारे अवयव डोळ्यांना दिसतात आणि बहुतेक ठिकाणी हात पोहोचतो. (कार्बोरेटर नसलेल्या नंतरच्या मारुतीत संगणकाचा डबा असतो. त्याच्या वाटेला घरी जाऊ नये.) ज्या मुलाला सायकलची साखळी बसविता येते, त्याला या यंत्राची ओळख करून घेणे मुळीच अवघड नाही. मुलींनाही नाही, शिलाई मशीन खोलून तेल देणारे हात हे काम अधिक नेटकेपणाने करतात, असेच आम्ही म्हणू.

प्रथम पाण्याविषयी, कारण आमच्याकडे खरी खराबी तेथूनच सुरू होते. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली सायलेन्सरवाटे व रेडिएटरच्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. बाहेरची हवाच इतकी तापलेली असताना पाण्याने उष्णता टाकावी कोठे? अशा दिवसांत रेडिएटर थोडा जरी चोंदलेला असला, तरी गाडी वाफ सोडू लागते.

आणि तो चोंदतो कशाने, हे ज्या घरी तांब्याचा बंब आहे त्या घरच्या स्त्रियांस सांगावयास नको. शहाबाद, वाडी, सेडम हा सारा चुनखडीचा प्रदेश. बोअरचे पाणी जड. ते तापवीत राहिले की बंबाच्या आतून पांढरी कवची धरते, मग जळण दुप्पट लागते आणि पाणी काही लवकर तापत नाही. नेमकी तीच कवची रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत धरते. म्हणून गाडीत बोअरचे वा विहिरीचे पाणी ओतण्याची सवय सोडावी. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिश्रण करून घालावे आणि दोन-तीन वर्षांनी बदलावे. वाटेत अडचण आली तर मिळेल ते पाणी घालण्यास हरकत नाही, परंतु घरी आल्यावर ते काढून टाकावे. कूलंट हे विष आहे आणि त्याची चव गोड असते. काढलेले कूलंट परातीत वा अंगणाच्या खड्ड्यात राहिले, तर वासरू, कुत्रे किंवा लहान मूल ते प्याल्यावाचून राहत नाही. ते बरणीत भरून, झाकण लावून, उंचावर ठेवावे.

रेडिएटरचे झाकण तापलेल्या गाडीवर कधीही उघडू नये. आत पाणी दाबाखाली असते, म्हणून ते १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरविताच दाब सुटतो आणि ते सारे क्षणार्धात वाफ होऊन तोंडावर, छातीवर येते. गाडी तापली तर बाजूस घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास स्वस्थ बसावे. मग जाड फडके धरून झाकण उघडावे व पाणी सावकाश घालावे. तप्त इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतणारे वीर आम्ही पाहिले आहेत. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होते ते त्यांनी आठवावे. बिडाचे इंजिन तसे तडकते आणि मग त्याला औषध नाही. या झाकणात रबराची एक चकती असते. ती कडक झाली वा चिरली की दाब टिकत नाही आणि गाडी विनाकारण तापते. थोडक्या पैशांत नवे झाकण मिळते, ते आधी बदलावे. रेडिएटर खोलण्याचा विचार नंतर करावा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आमच्याकडील गॅरेजांतून सर्रास दिसते. ही पद्धत आम्हांस पसंत नाही. थर्मोस्टॅट हे इंजिन आणि रेडिएटर यांमधील दार आहे. इंजिन थंड असेतो ते मिटलेले राहते, आणि पाणी ८० अंशांच्या आसपास तापले की उघडते. ते काढले तर सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल अधिक जळते आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ करते. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही, हे घरीच पाहता येते. तो दोरीला बांधून पातेल्यातील पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. उकळी फुटण्यापूर्वीच त्याची झडप उघडताना दिसली पाहिजे. न उघडला तर नवा आणावा. पातेले मात्र स्वयंपाकघरात परत पाठवू नये.

जुन्या गाडीत फॅनबेल्ट हा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो वा आल्टरनेटर ही तिन्ही फिरवितो. तो रात्री तुटला तर पाणीही फिरावयाचे थांबते आणि दिवेही थोड्याच वेळात मंदावतात. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. अर्धा-पाऊण इंच दबला तर ठीक. अधिक दबला तर डायनॅमोचा बोल्ट सैल करून तो बाहेर ओढून पुन्हा आवळावा. पट्ट्याच्या आतल्या अंगास चिरा दिसल्या तर तुटण्याची वाट पाहू नये. एक जादा पट्टा व तो बसविण्यास लागणारा पाना गाडीतच असावा.

उन्हाळ्याचे आणखी एक दुखणे आहे, आणि त्यात पाण्याचा काही संबंध नाही. भर दुपारी गाडी थोडा वेळ उभी केली आणि पुन्हा सेल्फ मारला, तर ती सुरूच होत नाही. पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी आहे, तरी इंजिन घेत नाही. अशा वेळी बहुधा पेट्रोलच्या नळीत पेट्रोलाचीच वाफ झालेली असते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ढकलीत बसतो. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर व नळीवर ओले फडके गुंडाळीत, ते याचसाठी. आणि त्यांचे ते शास्त्र अगदी बरोबर होते. फडके ठेवावे, बॉनेट उघडे टाकावे, दहा मिनिटे थांबावे. बॅटरी संपेतो सेल्फ मारणे हा त्यावर उपाय नव्हे.

आता धूळ. काळ्या रानाची धूळ पिठासारखी असते; शहाबाद-वाडीकडे फरशीच्या खाणींची आणि सिमेंटच्या कारखान्यांची पांढरी धूळ तिला येऊन मिळते. इंजिन हवा ओढते ती एअर फिल्टरमधून. तो फाटलेला असला तर ही धूळ थेट सिलिंडरात जाते आणि तेथे तेलात मिसळून पॉलिश कागदाचे काम करते. मग गाडी निळा धूर सोडू लागते, तेल खाऊ लागते, आणि लोक म्हणतात की गाडी म्हातारी झाली. शहरातल्या माणसासाठी पुस्तकात फिल्टर साफ करण्याची जी मुदत दिलेली असते, ती आमच्याकडे निम्मी समजावी. कागदी फिल्टर काढून उन्हाकडे धरावा. कोठे भोक दिसले तर टाकून द्यावा. धूळ असली तर हलक्या हाताने झटकावी, किंवा आतून बाहेर अशी हवा मारावी. पाण्याने धुऊ नये. जुन्या जीपगाड्यांत तेलाच्या भांड्याचा फिल्टर असतो. त्याच्या तळाशी बसलेला गाळ काढून, भांडे रॉकेलने धुऊन, खुणेपर्यंत नवे तेल भरावे.

तेलाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही; नियम सोपा आहे आणि तो पाळला जात नाही, एवढीच अडचण. आठवड्यातून एकदा, म्हणजे रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन थंड झाले की तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही ते पाहावे. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. काळे होणे हे त्याचे कामच आहे. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर मात्र पाणी त्यात शिरले आहे, बहुधा हेडची गॅस्केट गेली आहे. तशी गाडी एक मैलही चालवू नये. दर ५,००० किलोमीटरांनी, किंवा गाडी फारशी फिरत नसली तरी वर्षातून एकदा, तेल व तेलाचा फिल्टर बदलावा. काढलेले जळके तेल विहिरीजवळ, बोअरजवळ वा नाल्यात ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे.

पेट्रोलच्या नळ्यांकडे आज पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देण्याचे एक नवे कारण उद्भवले आहे. पेट्रोलात आता ऊसापासून आणि धान्यापासून काढलेले इथेनॉल मिसळलेले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल बंगळूर येथून विक्रीस आणले गेले आणि पुढे ते देशभर पसरले. बिदर जिल्ह्यातील ऊस उत्पादकास ही गोष्ट आनंदाची असली, तरी त्याच्या अंगणातील जुन्या गाडीस ती तितकीशी मानवत नाही. त्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पडदे आणि गॅस्केटी अशा मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या. रबर फुगते, मऊ पडते, मग चिरते. आणि चिरलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडले, तर गाडी पेटावयास वेळ लागत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बोटांनी चेपून पाहावी. भेगा असल्या, चिकट लागली वा पेट्रोलाचा वास आला, तर ती इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळीने बदलावी आणि क्लॅम्पही नवेच घालावेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते व पत्रा गंजतो. अशी गाडी पंधरवड्यातून एकदा तरी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणावी.

याच ओघात एक कळकळीची विनंती. टाकीतून पेट्रोल काढण्यासाठी नळी तोंडात धरून ओढण्याची रीत गावोगाव आहे. पेट्रोलाचा एक घोट पोटात जाण्यापेक्षा त्याचे चार थेंब फुप्फुसात जाणे अधिक घातक असते, आणि ठसका लागला की ते नेमके तेथेच जातात. हातपंपाची नळी बाजारात फार महाग मिळत नाही. तसेच पत्र्याच्या बंद खोलीत इंजिन चालू ठेवून काम करू नये. सायलेन्सरमधून येणाऱ्या विषारी वायूस वासही नाही आणि रंगही नाही.

प्लग काढून पाहणे हे तर निदानाचेच साधन आहे. प्लगचे टोक फिकट तपकिरी असले तर जळण बरोबर आहे. काजळी असली तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. तेलकट ओले असले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, असे बहुधा समजावे. ॲम्बॅसडर-फियाटच्या डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांची फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते आणि ती पात्यांच्या मापकानेच मोजावी, अंदाजाने नव्हे. ॲम्बॅसडरच्या पुष्कळ नटांना इंची मापाचे पाने लागतात, फियाट व मारुतीस मिलिमीटरचे. जवळपास बसतो म्हणून भलताच पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचे काम दिवसाचे होते.

आतापर्यंतच्या कामांत बिघडलेच तर यंत्र बिघडेल. पुढील दोन गोष्टींत माणूस जातो.

पहिली, गाडी उचलण्याची. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, अगदी क्षणभरही नाही. आमच्या भागात तर ही चूक दुहेरी होते. काळी जमीन वरून कठीण दिसली तरी जॅकचा पाया तीत रुततो. आणि मग आधार म्हणून जो दगड हाताशी असतो तो लावला जातो. कलबुर्गीकडे तो शहाबादी फरशीचा असतो, बिदरकडे तांबड्या जांभ्याचा. हे दोन्ही दगड घर बांधण्यास उत्तम, गाडी तोलण्यास अगदी निरुपयोगी. शहाबादी दगड थराथरांचा असतो. एका बिंदूवर भार आला की तो सूचना न देता कडकन मोडतो. जांभा सच्छिद्र आहे, तो चुरतो. विटांचीही तीच गत. ज्यांना गाडीखाली काम करावयाचे आहे त्यांनी लोखंडी स्टँडची जोडी घ्यावी. ते न जमल्यास जुन्या काळी गाडीच्या चाकांस वापरीत त्या बाभळीच्या लाकडाचे रुंद, सपाट ओंडके आडवे-उभे रचून आधार करावा. जॅकखाली जाड फळी टाकावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावावा, हँडब्रेक ओढावा, आणि गाडीखाली जाण्यापूर्वी तिला हाताने जोरात हलवून पाहावे. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करावे, आणि आवळताना समोरासमोरचे आवळीत जावे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. येथे घरच्या माणसाचे काम पाहण्याचे आहे, खोलण्याचे नाही. इंजिन बंद ठेवून ब्रेकच्या पायंड्यावर जोराने पाय अर्धा मिनिट दाबून धरावा. पायंडा हळूहळू खाली जाऊ लागला तर कोठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूस ओल दिसते का, डबीतील ब्रेक ऑइल कमी होते का, गाडी ब्रेक लावताना एका बाजूस ओढते का, हे पाहावे. ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल. डबीत इंजिनाचे वा खाण्याचे तेल घातले तर आतील रबरी वाट्या फुगतात आणि ब्रेक जागच्या जागी निकामी होतात. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच द्रव घालावे. तेही हवेतील ओलावा शोषते. मग उतरणीवर सतत ब्रेक लावल्याने ते तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय नुसताच खाली जातो. म्हणून दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. आणि ‘घ्यावे’ असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण हे काम दोन जाणत्या माणसांचे आहे. ब्रेकच्या डब्यातील भुकटी फुंकर मारून उडवू नये. जुन्या ब्रेक शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसावे आणि मुलांना दूर ठेवावे.

टायरचेही ब्रेकसारखेच. हुमनाबादवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद हमरस्ता आता इतका रुंद व सरळ झाला आहे की, गावातल्या रस्त्यावर तीसच्या वेगाने चालणारी गाडी तेथे सहज ऐंशीला जाते. कमी हवेचा टायर वेगात वाकून-वाकून तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही. टायरच्या बाजूस चार आकडे एका चौकटीत असतात. ‘३२१९’ असे असले तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. फार न चाललेल्या गाडीच्या टायरांची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वयाने कडक होऊन त्याच्या बाजूंस बारीक भेगा पडतात. तसा टायर नक्षी पाहून ठेवू नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी झालेला टायर कायद्यानेही बाद आहे.

विजेच्या कामात बॅटरीची जी तार गाडीच्या अंगाला जोडलेली असते ती आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. मग पान्याने ठिणगी उडण्याचा धोका राहत नाही. टोकांवर धरलेली पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी आणि वर व्हॅसलीन लावावे. फ्यूज उडाला तर त्या जागी तांब्याची तार बांधू नये; फ्यूज उडतो तो वायरिंग वाचविण्यासाठी. आणि उंदीर! कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु उंदरांना ती त्यापूर्वीपासूनच ठाऊक आहे. ज्या खोलीत तुरीची पोती, त्याच खोलीत मोटार, असे असेल तर एअर फिल्टरच्या डब्यात घरटे आणि वायरींवर दातांच्या खुणा सापडणारच. सुगीच्या दिवसांत तरी गाडी धान्यापासून दूर उभी करावी आणि दर दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण त्याबाबत पुष्कळ गैरसमज पसरलेले आढळतात. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. ती मुदत संपली म्हणजे गाडी आपोआप भंगारात जाते असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा जो नियम आला तो सरकारी मालकीच्या गाड्यांसाठी आहे. आमच्या भागातील खाजगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. शुल्क मात्र १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढविण्यात आले असून त्यात फेरबदल होत असतात, तेव्हा अर्ज करतेवेळी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. लातूर, सोलापूर वा धाराशिवहून स्वस्तात आणलेली, एमएच पाटी असलेली गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल, तर तिची नोंदणी येथे बदलून घेणे कायद्याने भाग आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र व्यवहाराच्या वेळीच विक्रेत्याकडून मागावे. पैसे पोहोचल्यावर तो विक्रेता सापडेलच, याची हमी नाही. बिदरची केए-३८, भालकीची केए-३९, बसवकल्याणची केए-५६ किंवा कलबुर्गीची केए-३२ पाटी जिच्यावर आहे, तिच्या नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करावयाचा असतो. तपासणीस नेण्याच्या आदल्या संध्याकाळी घरातील एका माणसाने आत बसून दिवे, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, हॉर्न, वायपर क्रमाने लावावेत आणि दुसऱ्याने बाहेर फिरून पाहावे. जो लागणार नाही तो त्याच रात्री बदलावा.